राखेतली पट्टी

बोरीच्या वळणावर मोटारसायकलवरून नवराबायको दोघं एकदमच पडली होती. डॉक्टरांनी उद्धवरावांच्या मांडीत टायटॅनियमची पट्टी बसवली, तशीच सुमंगलाबाईंच्याही. उद्धवरावांची वर्षभरानंतर काढली, ती त्यांनी घरी जपून ठेवली. बाईंची राहिली, ती त्या गेल्यावर राख सावडताना सापडली. उद्धवरावांनी ती नदीत सोडली नाही, खिशात घातली.

मुलगी श्रद्धा बंगळुरूला विमानाचे भाग जोडते. त्यांनी दोन्ही पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "एकत्र कर. पण वेल्डिंग नको, ते तर आपल्या पेडगावातबी हुतंय."

दिवाळीत ती जोडलेली पट्टी घेऊन आली. "घासून साफ केल्या, एकावर एक ठेवून भट्टीत कितीतरी तास दाबून धरल्या. वितळवल्या न्हाईत, आबा. एकीचे कण दुसरीत शिरले, दुसरीचे पहिलीत."

उद्धवरावांनी चष्मा लावून कडेवरून नख फिरवलं. सांधा कुठेच लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"यातली तुझी आई कोणती?"

"आता न्हाई सांगता येत, आबा. माझंच चुकलं, खूण करायला पाहिजे होती."

"ऱ्हाऊ दे." त्यांनी पट्टी मुठीत घट्ट धरली. "एकटीला लय भ्या वाटायचं तिला."