वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर

घरातला नळ महिनाभर गळत होता, पण वरच्या मजल्यावरच्या शलाकाचा कॉम्प्युटर सुरू होईना म्हटल्यावर वृंदाचा नवरा रोज संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन जिना चढायचा. "तिनं बाहेरून मोठी हार्ड डिस्क जोडल्यापासून बंद आहे. किचकट काम आहे," तो सांगायचा.

आज वृंदाही मागोमाग गेली. काळ्या स्क्रीनसमोर तो आणि शलाका चहा पीत बसली होती. वृंदाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटरही सुरू करताना मोठी डिस्क जोडलेली असली की असाच अडून बसायचा. वृंदानं डिस्कची वायर काढली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला.

"आता जोडा डिस्क, चालेल," म्हणत ती वळली.

शलाका कपात बघत होती. दोघांपैकी कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही.