निळी माती

थोरल्याने पिस्टनच्या माथ्यावर निळी माती थापली, तिच्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि फळीवरचं हेड, इंजिनाचं वरचं झाकण, उचललं. हेड तिथे सहा आठवडे पडून होतं. ते बनवणारा धाकटा भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले होते.

माती लहान मुलांच्या खेळण्यातली. दुकानदारीण दर वेळी विचारायची, "काय बनवतात हो नातवंडं एवढ्या मातीचं?" थोरला सांगायचा, "हत्ती." घरात नातवंड नव्हतं आणि हत्तीही नव्हता. पण वर्षानुवर्षं तो हत्तीच सांगत आला होता.

दोघे भाऊ मोटारसायकलींची स्ट्रोकर इंजिनं बांधत. पिस्टन वरखाली करणारा दांडा, म्हणजे क्रँक, असा घडवायचा की पिस्टनची धाव लांबते. इंजिन बाहेरून तेवढंच दिसतं, पण आत श्वास मोठा घेतं. मात्र लांब धावेचा पिस्टन वर येऊन हेडमधल्या झडपांना, वॉल्व्हना, धडकू शकतो. म्हणून पिस्टनवर माती लावायची, हेड बसवून इंजिन हाताने फिरवायचं, हेड परत काढायचं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. जेवढी माती उरली, तेवढी मधली जागा. क्रँक, जुळणी आणि मोजणी थोरल्याकडे. हेड आणि वॉल्व्ह धाकट्याकडे.

अकरा वर्षांपूर्वी एका शर्यतीच्या शेवटच्या फेरीत त्यांच्या इंजिनाचे वॉल्व्ह पिस्टनवर आपटले आणि आत सगळा चुरा झाला. हेडखाली गॅस्केटची चकती असते. तिची जाडी बदलली की मधली जागाही बदलते. धाकट्याने सगळ्यांदेखत एवढंच विचारलं, "दादा, मोजताना घातलीस तीच गॅस्केट बसवलीस ना?"

थोरला कडाडला, "मला शिकवतोस? हेड तुझं, वॉल्व्ह तुझे आणि पाप माझं?"

त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. धंदा मात्र चालू राहिला. एकाच शेडमध्ये, पाठीला पाठ लावून. मधल्या फळीवर धाकटा हेड ठेवायचा, थोरला उचलायचा. थोरला दबलेली माती ठेवायचा, धाकटा ती उजेडात धरून बघायचा आणि मुकाट्याने घासायला बसायचा. अगदीच अडलं तर थोरल्याची बायको होती.

"वहिनी, दादाला सांगा, डावीकडे केसभर कमी पडतंय."

दादा चार हातांवर उभा. वहिनी भाजीची पिशवी सावरत सांगायची, "डावीकडे केसभर कमी पडतंय."

"ऐकलं मी."

"ऐकलंत ना? मग मला कशाला मध्ये उभी करता? मी काय तारेचा खांब आहे?"

गिऱ्हाइकं म्हणत, भावांना वाचा नाही, पण इंजिनं काय बोलतात!

हे शेवटचं हेड द्यायला धाकट्याने फार दिवस लावले. छातीचं दुखणं बळावलं होतं, हात कापत होते. एका दुपारी त्याने ते फळीवर ठेवलं आणि घरी जाऊन अंथरूण धरलं. थोरल्याने हेड उलटून पाहिलं, तर कडेच्या सपाट भागावर बारीक चरे होते, हत्यार घसरल्यासारखे. इतक्या वर्षांत धाकट्याच्या कामावर ओरखडा सापडला नव्हता. थोरल्याला आनंद झाला असं म्हणवत नाही, पण फार वाईटही वाटलं नाही. येईल विचारायला तेव्हा दाखवू, असं ठरवून त्याने हेड होतं तिथेच ठेवलं.

धाकटा विचारत होताच. वहिनी डबा घेऊन गेली की रोज एकच प्रश्न.

"वहिनी, दादाने माती लावली का?"

वहिनी घरी येऊन म्हणायची, "भाऊजी विचारताहेत, माती लावली का?"

"घाई कसली? म्हणावं, स्वतः येऊन विचार."

"उठवत नाही हो त्यांना."

"मग तोंड तर चालतंय ना? फोन करावा."

चार आठवडे हा प्रश्न असा गेला आणि आला. शेवटच्या दिवशीही धाकट्याने तेच विचारलं. "दुसरं काही बोललेच नाहीत," वहिनी रडत म्हणाली. माणसं जाताना मुलाबाळांची नावं घेतात, ह्याने मातीची चौकशी केली. कारागीर म्हणावा तर असा, असं थोरल्याला तेव्हा वाटलं होतं.

आता शनिवारी गिऱ्हाईक यायचं होतं. थोरल्याने हेड बसवलं, बोल्ट आवळले, इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही. बोल्ट सोडून हेड काढलं आणि चष्मा नाकावर चढवला.

मातीत वॉल्व्हचे दोन ठसे, सुरेख. मोजायचीही गरज नव्हती. कडेला, चऱ्यांखाली, माती कागदासारखी दबली होती आणि तिच्यावर रेघा उमटल्या होत्या. त्याने दिवा जवळ ओढला. धातूवर उलटं कोरलेलं मातीत सुलटं उतरलं होतं.

"दादा, चुकलो. आता बोल."

दारातून बायकोने विचारलं, "आलं का माप बरोबर?"

"आलं," थोरला म्हणाला.

ती गेल्यावर त्याने आपल्या टेबलाचा खालचा खण किल्लीने उघडला. आत कापडात गुंडाळलेली एक जाड गॅस्केट होती. अकरा वर्षांपूर्वी मोजताना हीच घातली होती. बसवताना चुकून दुसरी, पातळ, हाताला लागली होती. शर्यतीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी ही जाड गॅस्केट त्याला सापडली होती. त्याने ती पुसली आणि मधल्या फळीवर, धाकट्याला सहज उचलता येईल अशी, ठेवली.