दुसऱ्या घरातली प्रत

उर्मिलाने हार्ड डिस्क दमयंतीच्या हातात ठेवली. तिने बारा वर्षं गावोगाव हिंडून जमवलेले नऊ हजार मालवणी शब्द त्यात होते.

"माझ्या कॉम्प्युटरचा काय भरवसा? एक प्रत दुसऱ्याच्या घरी असलेली बरी. आणि तुझ्याइतकं विश्वासाचं मला कोण आहे?"

दोघी एकाच वर्गात शिकलेल्या, आता एकाच कॉलेजात मराठी शिकवत. दमयंतीनेही कधीकाळी असाच शब्दकोश करायला घेतला होता, पण तो 'क'च्या पुढे सरकलाच नाही. उर्मिलाच्या कोशाला प्रकाशक मिळाला, पेपरात फोटो छापून आला, तेव्हा मात्र दमयंतीचा जळफळाट झाला. एका दुपारी तिने ती डिस्क जोडली आणि सगळं पुसून टाकलं.

दोन महिन्यांनी वीज पडून उर्मिलाचा कॉम्प्युटर जळाला. ती धावतच आली. दमयंतीने डिस्क आणून जोडली. पडद्यावर एकही शब्द दिसेना.

"बिघडली वाटतं," दमयंती खाली बघत म्हणाली. डोळे पुसत तिने वायर काढून पुन्हा जोडली.

उर्मिलाने तिचे हात धरले. "अगं, रडतेस काय? यंत्रच ते, तुझा काय दोष? अजून एक प्रत आहे ना, पुण्याला, आपल्या वर्गातल्या हेमलताकडे. दर महिन्याला पाठवते मी तिला."

दमयंतीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिने हात सोडवून घेतले.

"हेमलताकडे?" ती म्हणाली. "मला कधी बोलली नाहीस."