रिकामी बादली

घरोघरी वाया जाणारं अन्न हा सूनबाईंच्या संशोधनाचा विषय. सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. ओट्याखाली झाकणाची बादली ठेवली. ताटात, पातेल्यात जे उरेल ते तिच्यात टाकायचं आणि झोपण्याआधी वजन करायचं.

थोड्याच दिवसांत बादली रिकामी राहू लागली. नवरा न सांगता बाहेर जेवून यायचा, मुलं भाजी बघून नाकं मुरडायची, तरी रिकामी. परिषदेत सूनबाईंनी याचं सगळं श्रेय नियोजनाला दिलं. पहिल्या रांगेतून सासूबाईंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

जिवाला घोर होता तो एकच, सासूबाईंच्या साखरेचा. सूनबाईंनी घासन्घास मोजून आहार आखून दिला होता, तरी दर तपासणीला ती वर चढलेलीच. शेवटी न राहवून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच विचारलं, "आई, खरं सांगा. चोरून काही खाता का?"

सासूबाईंनी हातातलं पातेलं पालथं घातलं.

"चोरून कशाला खाऊ गं? तू मोजून दिलेलं जेवते, आणि मग तुझी बादली रिकामी ठेवायला बसते."