दोघांचं बाक

तानीनं नव्या बाकावर बादलीभर पाणी ओतलं आणि बाजूला उभी राहिली.

"हे काय केलंस?" लहान्या भट्टीजवळून उठून आला.

"बघते, गंजतंय का."

"आत रेड ऑक्साइड आहे, वर दोन हात काळा रंग. मी मेल्यावर गंजेल."

"म्हणजे लवकरच."

लहान्यानं खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसलं. पाठीवरची वेलबुट्टी त्यानं हातानं घडवली होती. पट्टी तापवायची, ठोकायची, वळवायची. पायांच्या सळ्या दोरासारख्या पिळल्या होत्या. घराला लागूनच, तलासरी नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चाले. नरपड-बोर्डीकडच्या कितीतरी बंगल्यांच्या व्हरांड्यांत त्याच्या खुर्च्या, टेबलं आणि झोपाळे होते. पाहुणे त्यांवर बसून फोटो काढत. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र एकच प्लॅस्टिकची खुर्ची होती, आणि तिचाही पाय तारेनं शिवलेला.

नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मिथुनचं कविताशी लग्न ठरलं आणि लहान्याला अंगण सजवायची हौस आली. आधी दाराशी गोल टेबल आलं. मग खुर्च्या आल्या, मोगरा चढवायला कमान आली. शेवटी हे बाक. त्याचे पाय त्यानं सिमेंटात गाडले.

"मांडवात तू आणि मी यावर बसायचं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"मी जमिनीवर बसते."

"बंगल्यातल्या बायका बसतात असल्या बाकावर."

"त्यांना उठून जायला दाराशी गाडी असते."

तानीनं एक खुर्ची धरून ओढली. खुर्ची जेमतेम बोटभर सरकली. "बघ. माणसाला जी उचलून सावलीत नेता येत नाही, ती कसली खुर्ची? आणि हे तर तू जमिनीत पुरलंस. याला बाक नाही म्हणत. खोडा म्हणतात."

"तुला चांगलं कधी दिसलंच नाही."

"तुझ्याबरोबर राहून दिसणार कुठून?"

मिथुन पाडाभर आमंत्रणं देऊन आला होता. तो मध्ये पडला. "आई, बाबानं सगळ्यांना सांगून ठेवलंय. कविताची माणसं येणार. तू बसली नाहीस तर त्याचं नाक जाईल."

"नाक त्याचं. बसायचं मला."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एका दिवसासाठी कोणी सिमेंट घालत नाही," तानी म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली.

मिथुन पाळण्यात असताना लहान्यानं रागाच्या भरात भाताचं मडकं तिच्या अंगावर फेकलं होतं. ती पोर काखेत मारून कैनाडला भावाकडे निघून गेली. लहान्या न्यायला गेला तेव्हा भावानं त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. "यायचं असलं तर ती येईल. तू न्यायचं काम नाही," एवढंच म्हणाला. भाताची कापणी उरकल्यावर ती आपणहून आली, चूल पेटवली आणि भाकऱ्या थापल्या. त्यानंतर लहान्यानं तिच्यावर हात उचलला नाही. जीभ मात्र दोघांचीही थांबली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुवासिनी घरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहायला बसल्या. तानी आत गेली नाही. दारातूनच म्हणाली, "पीठ पातळ झालंय. ओघळेल." तिनं सूप घेतलं आणि तांदूळ पाखडत बसली.

संध्याकाळी लहान्यानं तिला पुन्हा गाठलं. त्याच्या हातात नवं लुगडं होतं.

"हे नेस उद्या."

"ठेव तिथं."

"आणि बस माझ्याजवळ. मी हात जोडू का आता?"

"जोडून बघ. कसे दिसतात ते कळेल."

"नाही बसलीस तर या घरात—"

"बोल," तानी म्हणाली. "पुढं बोल."

लहान्या लुगडं टेबलावर टाकून शेडकडे गेला. बराच वेळ तिकडून हातोड्याचा आवाज येत राहिला. घडवायचं तर काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडव माणसांनी भरला. जांभळीच्या डहाळ्या खांबांना बांधल्या होत्या. कमानीखाली उभं राहून पोरी मोबाइलवर फोटो काढत होत्या. लग्न लावणारी भिकी धवलेरी गाणं म्हणत होती. मिथुन आणि कविता हळदीनं पिवळे झाले होते. लहान्यालाही बायकांनी सोडलं नव्हतं. नव्या पांढऱ्या सदऱ्याची बाही डागाळली होती. तो बाकाच्या एका टोकाला बसला होता. शेजारी पुरेशी जागा होती, तरी तो आणखी थोडा सरकला.

"बाक झकास झालंय," कविताचा मामा म्हणाला. "आमच्या ओट्यालाही असंच पाहिजे."

"देईन," लहान्या म्हणाला. त्याची नजर घराच्या कोपऱ्यावर होती.

"विहीणबाई कुठं दिसत नाहीत?"

"येतेय."

"रुसल्या का?"

मागं कोणीतरी हसलं. लहान्यानं भिकीला खूण केली. भिकीनं गाणं थांबवलं आणि ती घराच्या मागं गेली. तिथं तानी चुलाणावरचा भात हलवत होती. नवं लुगडं तिनं नेसलं नव्हतं. दोघी काय बोलल्या ते मांडवात ऐकू आलं नाही. फक्त पातेल्यावर उलथणं आपटल्याचा आवाज आला.

भिकी परत आली तेव्हा लहान्या उभा राहिला होता.

"मिथुनचं तेवढं लावून घेऊ," भिकी म्हणाली. "त्याच्यावर तांदूळ टाकायला ती येते."

"आणि इथं?" लहान्यानं बाकाकडे बोट केलं.

"इथं पाहुणे बसतील." भिकीनं आवाज उतरवला, पण मांडव इतका गप्प झाला होता की सगळ्यांनी ऐकलं. "तू ती हळद धुऊन ये, लहान्या. इतकी वर्षं बिनलग्नाची राहिले, पुढंही तशीच राहीन, म्हणते तुझी नवरी."