दोन बटणं

प्रार्थनेत क्षमेची ओळ आली आणि मिरचीने ओठ गच्च मिटून घेतले. आई, पप्पा, काका, तिघांनीही ती ओळ म्हटली. काकाने तर मान खाली घालून, दोन्ही हात जोडून. पप्पांना हात जोडता येत नव्हते. त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला होता.

“आमेन,” पप्पा म्हणाले. “चला, जेवूया.”

“कुणी जेवायचं नाही!” मिरचीने सगळी ताटं आपल्याकडे ओढली. घरात तिला मिरची उगीच म्हणत नसत.

“अगं, हळू. शेजारी ऐकतील,” आई म्हणाली.

“ऐकू देत की!” तिने लाकडी पट्टीचा तुकडा टेबलावर आपटला.

पप्पा आणि काका पत्रा दाबायच्या एकाच मशीनवर कामाला होते. त्या मशीनला दोन बटणं होती, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच ते जड तोंड खाली यायचं. म्हणजे हात चुकूनही आत राहायला नको. पण काम पटापट उरकावं म्हणून कुणीतरी एका बटणात पाचर ठोकून ते कायमचं दाबलेलं ठेवलं होतं. आज मिरची पप्पांचं सामान आणायला कारखान्यात गेली, तेव्हा मुकादमाने ती पाचरही हातात ठेवली. तिच्यावर शाईच्या निळ्या चांदण्या होत्या. मिरचीनेच वर्गात बसून काढलेल्या.

“माझी पट्टी! ‘मिरचे, तुटकी दे, कामाला येईल,’ असं म्हणून तूच नेलीस ना, काका? आली ना कामाला? आणि मुकादमाला पप्पा सांगतात, पाचर मीच ठोकली! हा आपला मूग गिळून गप्प! वर आमच्याच टेबलावर बसून क्षमा मागतो! आज हा तरी घरातून जाईल, नाहीतर मी.”

काका उठला. खुंटीवरच्या पिशवीकडे त्याने उजवा हात नेला.

“तिला सांग, दादा,” तो कसाबसा म्हणाला. “माझ्याच्याने नाही होत.”

“काय सांगायचं राहिलंय? याच्यामुळे तुमचा हात गेला, पप्पा!”

“याच्यामुळे नाही गं,” पप्पा म्हणाले. “याच्याऐवजी. मशीन खाली आलं, तेव्हा आत याचा हात होता. तो बाहेर ढकलला, माझा राहिला.”

मिरचीच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या. पण नजर पिशवीवरच्या त्या हातावर खिळली. पाचर ठोकणाऱ्या ज्या हाताला ती मघापासून शिव्या घालत होती, तो पप्पांनी स्वतःचा देऊन वाचवला होता.