बोरीवरचा बुलबुल

पक्ष्यांच्या फोटोंच्या स्पर्धेसाठी सरांनी मागितलं, म्हणून बकुळानं बाबांच्या लूमवरचं बारीक सूत मोठ्या तोऱ्यात आणून दिलं. अंजूर गावच्या बोरीखाली येऊन बघते तर काय, त्याच सुतानं बुलबुलाचा पाय फांदीला बांधलेला! बिचारा उडायला जायचा आणि पुन्हा बोरांवरच आदळायचा.

“सर, तो बोरं खात न्हाय, तडफडतोय!”

“गप गं! फोटोत तो बोरं खातानाच दिसतो, सूत दिसत नाही. छत्तीस काढलेत, बक्षीस आपलंच!”

बकुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काट्यांत हात घालून तिनं सूत तोडलं. पाखरू भुर्रकन उडालं. मग तिनं सरांच्या हातातला कॅमेरा हिसकावला, खटकन उघडला आणि अख्खा रोल उन्हात ओढून काढला.

“अगं भवाने, सगळे फोटो गेले!”

“आत अजून छत्तीस बांधलेले होते, सर. तेपण सोडले.”